लवणातलं मिशीवालं पाखरू

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवताच्या पेंढ्या बांधणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ती ओल्या गवताचा पिळा वळायची, मी पेंढीवर गुडघा रोवून दाबायचो, ती पिळा खालून काढून गाठ मारायची. लग्न झाल्यापासून असंच बांधत आलो होतो. कोणी कधी हात पुढं करायचा हे सांगावं लागत नव्हतं. भादव्याचं ऊन तिरपं झालं होतं. वावरातल्या खोलगट लवणातलं अर्धं गवत कापून झालं होतं, अर्धं उभं होतं. त्या उभ्या गवतावरून एक पाखरू ओरडत गेलं.

तिनं पिळा तसाच हातात धरला. "अजी, कोण हाय ते?"

माझी कंबर धरली होती. धुऱ्याच्या बांधावर शेजारी तुळशीराम बंडी घेऊन गवतासाठी उभा होता, त्याचे बैल मान हलवत होते. मी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "तेच तुझं मिशीवालं. ओळखलं म्या."

"खरं?"

"खरं नाही तं काय. इतके दिस दाखवून राहिली, दगडालेही समजलं असतं."

ती हसली. पुढचा एक दात पडलेला, तिथं जीभ लावून हसायची. म्हणाली, "मंग झालं. आता लवणाचं काय करायचं ते करा. मी आडवी येत नाही."

मी ओळखलं नव्हतं. आवाज ऐकला, पण तो कोणाचा हे मला काल कळत नव्हतं तसंच आजही कळत नव्हतं. मला घरी जायचं होतं, तुळशीरामसमोर बायकोनं परीक्षा घेऊ नये असं वाटत होतं, आणि कापसासाठी लवण वखरायचं होतं. म्हणून खोटं बोललो. एवढीच गोष्ट आहे. पण ती काही केल्या संपत नाही.

यंदाचा भादवाही आला आहे. पोळ्याला रंगवलेल्या शिंगांचा रंग अजून उडालेला नाही. सर येऊन गेली की काळ्या मातीतून वाफ निघते आणि पऱ्हाटीच्या पानांचा हिरवा, जरा कडसर वास अंगणापर्यंत येतो. आता बडनेऱ्याकडून आगगाडी जाते. ती गेली की थोडा वेळ कानात काहीच राहत नाही, मग एकेक आवाज परत येतो. आधी बेडूक, मग ढोरांच्या गळ्यातल्या घंट्या, मग पाखरं. मी ओट्यावर बसून ते मोजल्यासारखं ऐकतो.

मला लिहायची सवय नाही. लहानपणी दोन पावसाळे पंतोजीकडं धुळाक्षरं गिरवली, तेवढीच शाळा. अक्षर वाकडं येतं. पण सांगायला माणूस नसलं की कागद बरा. तो मधेच 'हो हो, समजलं' म्हणत नाही.

ती कापसाची सालं होती. समुद्रापलीकडं कुठंतरी भावाभावांत लढाई लागली म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि साऱ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर आली. माणसं येडी झाली. अकोल्याच्या बाजाराला बंड्या निघाल्या की शेवटची बंडी गावातून हलेस्तोवर पहिलीची धूळ खाली बसलेली असायची. लोकांनी धुरे फोडले. गाडीवाट एका बंडीपुरती ठेवली. गावाचं गायरान नांगरलं. एकानं तर मसणाच्या कडेपर्यंत तिफण नेली. त्याला विचारलं तर म्हणाला, मेलेल्याले किती जागा लागते. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि त्याच बैलांना चरायला जागा राहिली नाही.

आमच्या वावराच्या शेवटी एक लवण होतं. बाकीच्या जमिनीपेक्षा कंबरभर खोल, पाणी धरून ठेवणारं, त्यामुळं तिथं पीक कधी घेतलं नव्हतं. गवत मात्र असं यायचं की उभा माणूस दिसू नये. मधेमधे बाभळीची चार झुडपं. साऱ्या शिवारात गवत राहिलं ते तिथंच. भादव्यात लोक बैलांसाठी तेच मागायला यायचे आणि मागतामागता शहाणपण सांगायचे. तुळशीराम सगळ्यांच्या पुढं.

"बुढ्या, जग सोनं पिकवून राहिलं अन् तू कुसळं पिकवून राहिला," तो म्हणायचा. "एक चर खोद, पाणी नाल्यात काढ. चैतात गवत जाळ, वखर घाल. माहे बैल घेऊन जा."

मला पटत होतं. खोटं कशाला सांगू, मलाही कापूस पाहिजे होता. मी घरी येऊन यमीच्या मायला सांगितलं. यमी आमची एकुलती पोरगी, मोर्शीकडं दिलेली. तिच्या नावानंच मी बायकोला हाक मारायचो. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती चुलीपुढून उठलीही नाही.

"वखरा ना. वावर तुमचं. पण तठी कोण राहते ते आधी ओळखा. माणूस घर पाडते तं आत कोण हाय ते पाहून घेते का नाही?"

"तठी कोण राहते? उंदरं राहतात."

"ते पाखरू राहते."

"चंडोल आहे तो. पायलीचे पन्नास आहेत."

"चंडोल नव्हे," ती म्हणाली. "तुमी सोता पाहून सांगा मले. मी सांगितलेलं नको. सोता ओळखा, मंग काय वखरायचं ते वखरा."

तिचं माहेर दर्यापूरकडचं. पोरवयात ती ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. तिथं पाखरू ओळखणं म्हणजे हौस नव्हे. गोटे खालून वेचून माळ्यावर न्यावे लागतात. संपले की भर उन्हात परत खाली उतरा. म्हणून गोटा उचलायच्या आधी पाखरू पाहायचं. दाणे खाणारं असलं तर गोटा, किडे खाणारं असलं तर हात खाली. तिचं सारं शिक्षण असं पायांनी झालेलं. मला मात्र दोनच जातीची पाखरं माहीत होती, चिमणी आणि चिमणी नसलेली.

गवतातली पाखरं ओळखणं तर त्याहून कठीण. मोर काय, कोणीही सांगेल. ही सारी मातीच्या रंगाची, मुठीत मावणारी, दिसली न दिसली की गवतात. मी म्हणायचो, एकसारखीच तर आहेत. ती म्हणायची, "रंग नका पाहू. रंग सगळ्यांचा मातीचाच. चाल पाहा. लांबून माणूस येते तं तोंडावरून ओळखता का चालीवरून?"

मग ती दाखवायची. तो पाहा चंडोल, डोक्यावर तुरा, मोकळ्या ढेकळावरून उठला, सरळ वर चढला, आता तिथंच लोंबकळत गात बसेल. तो डोंबारी, वर जातो, दगडासारखा पडतो, जमिनीला लागता लागता सावरतो, परत चढतो. खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यासारखा, म्हणून ते नाव. हे दोन मला आले. तिसरं येईना. ते वर्षभर मुकं असायचं, आहे का नाही कळायचं नाही. पाऊस लागून गवत वाढलं की बोलायला लागायचं आणि कुसळं पिकली की परत मुकं. त्याचे दोनच सूर, पहिला ओढलेला, दुसरा खाली टाकलेला. तेल नसलेल्या चाकाची मोट दुरून ऐकावी तसे, पण कानाला गोड. मी मान वर करेपर्यंत ते गवतात गेलेलं असायचं. शेजारी चंडोल गात असला की मी बोट त्याच्याकडं करायचो आणि ती कपाळावर हात मारायची.

त्या पेंढ्यांच्या आदल्या वर्षी, भादव्यात, मी एक चूक केली होती. ती आता लिहून टाकतो.

मला वाटलं, पाखरू हाती लागत नाही तर त्याचं घरटं शोधून ठेवावं, म्हणजे तेवढी जागा सोडून बाकीचं गवत कापता येईल. वखरायचं असलं की आम्ही खुंट्या ठोकून हद्द पाडतो, तेच डोक्यात. धुऱ्यावर बसलो. पाखरू गवतात उतरलं तशी धावत गेलो, तिथं खुंटी ठोकली, वर लाल चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशीही ते तिथंच उतरलं. मी खूश. खुंटीभोवती चांगलं चार हातांचं रिंगण सोडलं आणि बाकीकडं विळा चालवला. वीस पावलांवर विळ्याखाली घरटं आलं. गवताच्याच पातींचा गोळा, आत चार अंडी, पांढरी, वर तांबडे ठिपके, पांढऱ्या तांदळात कुंकू सांडावं तशी. दोन फुटली होती.

ती आली. पाहिलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकर वाढताना म्हणाली, "पाखरू उतरते तठी त्याचं घर नसते. उतरते एकीकडं, अन् गवतातून पायी जाते दुसरीकडं. दुनियेले दाखवून कोण घरी जाते?"

मी भाकर तोडत राहिलो. ती म्हणाली, "तुमाले डोळे चांगले हायत. दम नाही."

लवणात लाव्हे धरायला भुऱ्या पारधी यायचा. घोड्याच्या केसांचे फास गवतात मांडून आडवा पडून राहायचा. एकदा त्याच्या फासात हेच पाखरू सापडलं. तिनं लगेच ओळखलं, पदरात घेतलं. मी भुऱ्याला विचारलं, "याचं नाव काय रे? तुमी पारधी, तुमाले तं साऱ्याची नावं येतात."

भुऱ्या म्हणाला, "याले नाव नाही बाबा. बोटभर मास नाही याच्यात. जे खायचं नाही त्याचं नाव कोण ठेवते?"

ती पाखराला उजेडाकडं धरून पाहत होती. पाठीवर वाळल्या कडब्यासारख्या काळ्या पिवळ्या रेघा, शेपूट रुंद, टोकाशी फिकट, चोच जाडसर. आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी ताठ काळे केस.

"अजी, याले तं तुमच्यावाणी मिशा हायत."

"माह्यावाणी कशा? माह्या वर वळतात."

"वळत होत्या. आता पडतात," ती म्हणाली आणि भुऱ्या तोंडाला गमचा लावून हसला. तिनं हात उघडला. पाखरू उडालं नाही. गवतात शिरलं आणि उंदरासारखं पळत गेलं. त्या दिवसापासून ते मिशीवालं झालं. नाव आम्हा तिघांनाच माहीत.

हातातलं पाखरू ओळखणं सोपं. पण वावरात पाखरू हातात नसतं. ते दुपारच्या उन्हात, डोळ्यांत घाम असताना, दोनशे पावलांवर असतं आणि तुमचं लक्ष कापसात असतं. पुढच्या भादव्यात ती रोज संध्याकाळी विचारायची आणि मी रोज चुकायचो. गावात ते पसरलं. पारावर तुळशीराम म्हणाला, "याच्या बायकोनं पाखराची परीक्षा लावली. पास झाला तं वखर, नापास झाला तं कुसळं." लोक हसले. मीही हसलो, पण घरी येताना रागानं पाय आपटत आलो. दुसऱ्या सकाळी लवणाच्या चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या. चैतापर्यंत थांबायचं होतं, तरी ठोकल्या. तिनं पाहिल्या. मग विळा घेऊन गवताला लागली.

त्याच संध्याकाळी आम्ही पेंढ्या बांधल्या आणि मी ओळखलं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पटकी झाली. गावात आधी दोघांना झाली होती. लोक म्हणाले पाणी देऊ नका. ती मागत होती, मी दिलं. दुपारपर्यंत तिचे हात गार झाले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. तिनं यमीला निरोप धाडला का विचारलं. म्हैस बांधली का विचारलं. पाखराचं काही बोलली नाही. मी बोलू शकलो असतो. तेवढा वेळ होता. मी तिच्या तळपायांना सुंठ चोळत बसलो आणि तोंडात आलेलं परत गिळलं. मनात म्हटलं, बरी झाली की सांगू. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मग दहा दिवस घरात. सुतकात वावरात पाय ठेवायचा नसतो. यमी आली, तिनं चूल सांभाळली. शेजारच्या घरात महालक्ष्म्या बसल्या, त्यांच्या आंबिलीचा वास आमच्या बंद दारातून आत यायचा. मी दाराच्या आत बसून लवणाकडं कान लावायचो. वाऱ्याची दिशा असली की दोन सूर यायचे, कधी एकच यायचा. ऊन तापत होतं. मला ठाऊक होतं, कुसळं पिकली की ते मुकं होतं. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही, आणि चैत तर मधेच येतो. यमीला वाटायचं बाप आईसाठी असा दाराकडं पाहतो. तेही खरंच होतं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळा क्षणाचाही वेळ न लावता शिवला. कितीकांचे लोक तासतास हात जोडून उभे असतात, हे करू ते करू म्हणून कबूल करतात, मग कावळा येतो. इथं मी हात जोडायच्या आधीच चोच लागली. भटजी म्हणाले, "बाई तृप्त गेली. काही मागे राहिलं नव्हतं." तुळशीरामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "नशीबवान बाई."

खरंच होतं ते. तिचं काही राहिलं नव्हतं. तिला वाटत होतं नवऱ्यानं ओळखलं. राहिलं होतं ते माझं, आणि माझ्यासाठी कोणता कावळा बसला होता?

मी नंतर पुष्कळ वेळा विचार केला की तिला समजलं असेल का. तिला माझी चाल ठाऊक होती, लांबूनही. वर न पाहता म्हणालो, हे तिनं पाहिलं असेलच. तरी 'मंग झालं' म्हणाली. का म्हणाली? थकली होती का? का तिला वाटलं, एवढा माणूस खोटं बोलतो तर बोलू दे, आज नाही उद्या ओळखेल? याचं उत्तर मला मिळालं नाही. लढाई संपली, कापसाचं वेड उतरलं, तुळशीरामच्या बैलांच्या शेंब्याही गेल्या, तरी ते मिळालं नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवणात गेलो. विळा नेला नाही. डोकं भादरलेलं, त्याला वारा गार लागत होता. कापलेल्या अर्ध्या भागात नवी पाती बोटभर वर आली होती. उभ्या गवताचे शेंडे तांबूस झाले होते, कुसळं धोतराला चिकटत होती. मी कडेला, ती पिळा वळत बसली होती तिथं बसलो.

एक पाखरू उठलं, सरळ वर चढलं, लोंबकळत गाऊ लागलं. चंडोल. एक वर गेलं, पडलं, सावरलं. डोंबारी. मग बराच वेळ काहीच नाही. ऊन पाठीवर आलं. मला वाटलं, मुकं झालं. उठावंसं वाटलं, पण उठलो नाही.

बाभळीच्या झुडपाच्या शेंड्यावर काहीतरी बसलेलं होतं. ते केव्हा आलं मी पाहिलं नाही. शेपूट रुंद. ते तिरपं उठलं, फार उंच गेलं नाही, आणि घाण्याच्या बैलासारखा लवणावर मोठा फेरा धरला. दोन सूर, पहिला ओढलेला, दुसरा खाली टाकलेला. फेऱ्याच्या मधेमधे. मग गवतात उतरलं.

मी धावलो नाही. उतरलं त्या जागेकडं पाहिलंही नाही. आजूबाजूच्या शेंड्यांवर नजर ठेवली. वारा पूर्वेकडून होता, सारं गवत एका अंगाला कललेलं. त्यात एक बारीक रेघ वाऱ्याच्या उलट हलत गेली, थांबली, परत हलली. वीसएक पावलांवर जाऊन थांबली. तिथून थोड्या वेळानं तेच पाखरू एका काडीवर चढलं, आणि मला उजेडात त्याच्या पाठीवरच्या कडब्याच्या रेघा दिसल्या. मिशा दिसल्या नाहीत. एवढ्या लांबून त्या दिसत नाहीत. त्यांची गरजही पडली नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "ओळखलं वं, यमीच्या माय."

धुऱ्यावरून तुळशीराम चालला होता. थांबला. "कोणाशी बोलून राहिला बुढ्या?"

"पाखराशी," मी म्हणालो. तेवढं एक खोटं परत बोललो.

मग चारी कोपऱ्यांवर जाऊन खुंट्या उपटल्या. माती ओली होती, सहज निघाल्या. घरी आणल्या. यमी दुपारची निजली होती, तिला उठवलं नाही. खुंट्या चुलीत घातल्या, ओल्या असल्यानं धूर फार झाला. त्यावर मी माझ्या हातानं भाकर थापून टाकली. एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. खाल्ली.